बाईंना विचारा : आयरिश अंगठी, गोंदण आणि तीन पानं

मागच्या अंकात पाचपाखाडीच्या एका वाचकाने विचारलं होतं, आयर्लंडचा झेंडा आपल्यासारखाच कसा? मी थोडक्यात उरकलं होतं. त्यांचे पट्टे उभे, हिरवा-पांढरा-नारिंगी. १८४८ साली वॉटरफर्ड शहरात थॉमस फ्रान्सिस मार या तरुण पुढाऱ्याने तो पहिल्यांदा फडकवला. हिरवा जुन्या गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, परंपरेचा, नारिंगी प्रोटेस्टंटांचा, मधला पांढरा दोघांतल्या सलोख्याचा. आपल्या तिरंग्याशी नातं काही नाही. त्यानंतर जी पत्रं आली त्यावरून कळलं की डब्लिन, कॉर्क, गॉलवेला पोरं धाडलेली घरं ठाण्यापासून खारघरपर्यंत भरपूर आहेत. आणि त्या प्रत्येक घरात तिकडून आलेली एखादी तरी वस्तू कपाटात पडून आहे, जिचा अर्थ कोणाला धड सांगता येत नाही. तेव्हा या वेळचा सगळा स्तंभ आयर्लंडला.

माझी धाकटी लेक डब्लिनला असते, म्हणून तिथली संग्रहालयं पायाखालची. बाकी जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला. नक्षी दिसली की ती काढली कशी हे मी आधी बघते, अर्थाचं नंतर. आणि अर्थ सांगायला कोणी पुढे सरसावलं की एकच विचारते : हे पहिल्यांदा कोणी म्हटलं, आणि कधी? आयरिश खुणांच्या बाबतीत या प्रश्नापुढे भल्याभल्यांची गाडी अडते.

प्रश्न : मुलगा गॉलवेला नोकरी करतो. होणाऱ्या सुनेसाठी त्याने तिकडची अंगठी पाठवली आहे. दोन हात, मध्ये बदाम, वर मुकुट. विहीणबाई म्हणतात, ही ख्रिस्ती लोकांची लग्नाची अंगठी दिसते, साखरपुड्यात नको. शिवाय 'उलटी घालू नका' असं दुकानदाराने बजावलं म्हणे. उलटी म्हणजे कशी? (एक वरमाय, घोडबंदर रोड)

आधी विहीणबाईंची शंका. या अंगठीवर क्रॉस नाही, संत नाही, बायबलातलं वचन नाही. हात मैत्रीचे, बदाम प्रेमाचा, मुकुट निष्ठेचा, इतकंच. तिकडे ती आई लेकीला देते, आजी नातीला देते, मैत्रिणी एकमेकींना देतात, आणि लग्नातही घालतात. तुमच्या मांडवात तिला काही अडचण नाही.

अंगठीचं नाव क्लाडा. गॉलवे शहराच्या तटाबाहेर, कॉरिब नदी समुद्राला मिळते तिथे कोळ्यांची जुनी वस्ती होती, तिचं हे नाव. गवताने शाकारलेली ती घरं १९३० च्या दशकात पाडून नवी बांधली. मुलाला म्हणावं, रविवारी चालत जाऊन बघून ये. जुनं काही हाती लागायचं नाही, पण पाण्यातले हंस पाहण्यासारखे आहेत.

गोष्ट अशी सांगतात. रिचर्ड जॉइस नावाचा गॉलवेचा तरुण १६७५ च्या सुमारास वेस्ट इंडीजला निघाला. वाटेत अल्जीरियाच्या चाच्यांनी जहाज धरलं आणि त्याला एका सोनाराला गुलाम म्हणून विकलं. तिथे तो सोनारकाम शिकला, हात चांगला बसला. १६८९ मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेल्या तिसऱ्या विल्यमने आपल्या प्रजाजनांची सुटका करवली, तेव्हा मालक म्हणाला, जाऊ नकोस, मुलगी देतो, अर्धी इस्टेट देतो. जॉइस काही थांबला नाही. गावी परतून त्याने दुकान थाटलं आणि ही अंगठी घडवली. काही जण त्यात गावी डोळे लावून बसलेली प्रेयसीही घालतात. यातला जॉइस खरा. त्याच्या ठशाच्या, १७०० च्या आसपासच्या अंगठ्या आजही आहेत. प्रेयसीची पावती मात्र मी मागितलेली नाही. सोनाराच्या पेढीवर एवढी गोष्ट लागतेच. हातात हात दिलेली अंगठी त्याच्याही फार आधीची आहे, थेट रोमन काळापासून युरोपात वचनाची खूण म्हणून घालत आले आहेत. त्या हातांत धरलेला बदाम आणि वरचा मुकुट ही गॉलवेची ओळख.

आता उलटसुलट. बघायचं ते बदामाच्या टोकाकडे. उजव्या हातात टोक नखाकडे असेल तर मुलगी मोकळी आहे. उजव्या हातात टोक मनगटाकडे, तर कोणीतरी ठरलंय. डाव्या हातात टोक नखाकडे म्हणजे साखरपुडा झाला, आणि डाव्याच हातात टोक मनगटाकडे वळलं की लग्न झालं. म्हणजे तुमच्या कार्यक्रमात डावा हात, टोक बाहेर. अक्षता पडल्या की त्याच बोटात फिरवायची. हा रिवाज आहे, विधी नव्हे. गुरुजींनी उजवा हात पुढे करायला सांगितला तर तिथे वाद घालू नका, फोटो झाले की हात बदला.

अंगठी भिंगाखाली धरून बघा. चांगल्या घडणीत हाताच्या मनगटाशी बाहीची किनार कोरलेली असते आणि चारही बोटं सुटी दिसतात. घाईच्या ओतीव कामात बोटांच्या रेघा बुजून नुसता पंजा उरतो. मुकुटाची टोकं मात्र तपासाच. पैठणीच्या पदरात अडकली तर सूत ओढलंच म्हणून समजा.

प्रश्न : बाई, मला मनगटावर केल्टिक नॉट गोंदवायची आहे. टॅटूवाल्याकडे तक्ता आहे : ही गाठ ताकदीची, ही बहीण-भावाची, ही आईपणाची, आणि तीन वेटोळ्यांचं चिन्ह म्हणजे 'प्राचीन केल्टिक देवता'. कोणतं घेऊ? (तुमचा जुना विद्यार्थी, नौपाडा)

तू एलिमेंटरीला संकल्पचित्रात बी ग्रेड घेऊन माझ्याशी भांडला होतास तोच ना? मग नीट वाच.

तो तक्ता विकणाऱ्यांचा आहे. ज्यांनी या गाठी काढल्या, त्या मठातल्या भिक्षूंनी कोणत्या गाठीचा काय अर्थ याची एक ओळ लिहून ठेवलेली नाही. ताकदीची गाठ, बहीण-भावाची गाठ वगैरे सगळं अलीकडचं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात 'बुक ऑफ केल्स' ठेवलं आहे, इसवी सन ८०० च्या आसपासचं; वासराच्या कातड्यावर हाताने लिहिलेली बायबलातली चार शुभवर्तमानं, ६८० पानं. काचेतून एका वेळी उघडी असतील तेवढीच पानं दिसतात आणि मागची रांग ढकलत असते. तरी नखाएवढ्या जागेत भरलेली वेणी एकदा डोळ्यांत भरली की माणूस हलत नाही. ती माणसं अर्थाचे तक्ते करत बसली नव्हती, मोकळी जागा दिसली की भरत होती. तीन पाकळ्यांची जी गाठ आज 'ट्रिनिटी नॉट' म्हणून खपते, तीही अशा पानांत जागा भरायला आली आहे, आणि उत्तर युरोपातल्या कोरीव दगडांवरही आहे.

त्याहून गंमत म्हणजे ही वेणी मुळात केल्टांची, म्हणजे प्राचीन युरोपातल्या ज्या लोकांचा वारसा आयरिश सांगतात त्यांची, नव्हेच. त्यांचं जुनं काम वेटोळ्यांचं, वळणांचं. पट्टी पट्टीखालून जाते ती नक्षी आयर्लंडात सातव्या शतकाच्या सुमारास रुळली. रोमन फरशांवरची मोझेक, इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिश्चनांच्या पोथ्या, जर्मानिक टोळ्यांचे दागिने, अशा वाटांनी ती आली आणि आयरिश मठांत जाऊन इतकी बारीक झाली की पुढे तीच आयरिश ठरली.

आणि तीन वेटोळी? ती तर आणखी जुनी. डब्लिनच्या उत्तरेला बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंज नावाचं दगडी थडगं आहे, इसवी सनापूर्वी ३२०० च्या आसपासचं. इजिप्तचे मोठे पिरॅमिड त्याच्यापुढे धाकटे. दारापुढच्या आडव्या शिळेवर वेटोळी कोरली आहेत, आणि आत, पार टोकाच्या खोलीत, एकमेकांत गुंतलेली तीन. दाराच्या वर एक खिडकीवजा फट ठेवली आहे. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत, २१ डिसेंबरच्या आगेमागे, उगवत्या सूर्याचा किरण त्या फटीतून शिरून बोळ ओलांडत थेट आतल्या खोलीत पोचतो आणि सतराएक मिनिटांत निघून जातो. प्राध्यापक मायकल ओ'केली यांनी १९६७ साली पहाटे आत उभं राहून हे स्वतः पाहिलं. ज्यांनी हे बांधलं त्यांची भाषा कुठली, देव कोणते, काही हाती नाही. केल्टिक म्हणवणारी संस्कृती आयर्लंडात दिसू लागली त्याच्या कितीतरी शतकं आधीची ही माणसं. त्यांच्या दगडावर 'केल्टिक देवता' ही पाटी कोणी लावली, ते टॅटूवाल्याला विचार.

आता मुद्द्याचं. गाठ काढायला शिक, मग गोंदव. ती काढण्याची रीत जॉर्ज बेन नावाच्या स्कॉटिश चित्रकला-मास्तरांनी आयुष्यभर जुने दगड आणि पोथ्या न्याहाळून उलगडली, १९५१ साली पुस्तक काढलं. मास्तर शाळेतला, बरं का. रीत ऐकशील तर हसशील, कारण ती तुझ्या आईला येते. ठिपक्यांभोवती वळत जाणारी जी रांगोळी आपल्या तमिळ शेजारणी दारात घालतात, तीच ही. कागदावर ठिपके मांड. दोन ठिपक्यांच्या मधून तिरकी रेघ काढत जा, कडेला पोचली की वळवून परत फिरव. सगळ्या रेघा आपापल्या सुरुवातीला येऊन मिळाल्या की प्रत्येक रेघेची पट्टी कर. मग कुठलीही एक पट्टी धर आणि चालायला लाग : पहिल्या छेदावर वरून, दुसऱ्यावर खालून, तिसऱ्यावर वरून. नीट काढली असेल तर हा क्रम कुठेच तुटत नाही, शेवटपर्यंत जुळतो. मधला एखादा छेद उघडून दोन्ही पट्ट्या तिथूनच मागे वळवल्या की नक्षी बदलते. बुक ऑफ केल्समधली नवलाई या मोडलेल्या छेदांत आहे.

टॅटूवाल्याचा नमुना पेन्सिलने असाच तपास. लागोपाठ दोनदा 'वरून' आलं तर त्याने कुठून तरी चुकीची नक्कल मारली आहे. मनगटावर खोडरबर चालत नाही.

आणि अर्थ सांगता येणारंच काही हवं असेल तर ओघम लिपी बघ. दगडाच्या उभ्या कडेवर आडव्या-तिरक्या खाचा, खालून वर वाचायच्या; चौथ्या ते सातव्या शतकातले असे चारेकशे दगड सापडले आहेत. त्यावर लिहिलेलं बहुतेक ठिकाणी एवढंच : 'अमक्याचा, जो तमक्याचा मुलगा'. तुझं नाव, वडिलांचं नाव, एका उभ्या रेघेवर. त्याला माझी हरकत नाही. वडिलांची असेल तर ते तुम्ही दोघं बघा.

प्रश्न : नर्सरीतून 'शॅमरॉक' म्हणून जांभळ्या, त्रिकोणी पानांची कुंडी आणली. संध्याकाळी पानं मिटतात. आयर्लंडचं शॅमरॉक हेच का? आणि चार पानांचं मिळालं तर भाग्य उजळतं म्हणतात ते? (एक गृहिणी, वाशी)

हे नव्हे. तुमच्या कुंडीत ऑक्झॅलिस आहे, म्हणजे आपल्या अंगणात, कुंड्यांच्या कडेला आपोआप उगवते त्या आंबुटीचं शोभेचं भावंड. पान चावून बघा, आंबट लागेल. दिसायला सुरेख, वाढवायला सोपं, ठेवा गॅलरीत. पण शॅमरॉक, आयर्लंडची ती तीन पानांची खूण, म्हणजे क्लोव्हर. आपल्याकडे गाई-म्हशींना घालतात तो बरसीम त्याच वंशातला, आणि मेथीही नात्यातलीच. मेथीची जुडी निवडताना एक काडी वेगळी काढून बघा, देठाच्या टोकाला तीन पानं.

त्यातही नेमकं कुठलं क्लोव्हर, हे आयरिश माणसालाही छातीठोक सांगता येत नाही. नॅथॅनियल कोलगन नावाच्या डब्लिनच्या निसर्गअभ्यासकाने १८९० च्या दशकात गावोगावच्या लोकांना कळवलं, तुम्ही ज्याला शॅमरॉक म्हणता ते मुळासकट पाठवा. आलेली रोपं त्याने लावली आणि फुलं येईपर्यंत थांबला, कारण क्लोव्हरची जात फुलावाचून ओळखणं अवघड. निघाल्या अनेक जाती! सर्वांत जास्त बारीक पिवळ्या फुलांची, तिच्यामागे पांढऱ्या फुलांची. १९८८ साली हीच पाहणी पुन्हा झाली, क्रम तोच आला.

गोष्ट तुम्ही ऐकली असेल : पाचव्या शतकात संत पॅट्रिकने हे पान खुडून दाखवलं, की बघा, पानं तीन पण देठ एक, तसे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. आता माझा ठरलेला प्रश्न. पॅट्रिकने स्वतः लिहिलेलं दोन ठिकाणी उपलब्ध आहे, त्यात या पानाचा उल्लेखही नाही. ही कथा छापील रूपात पहिल्यांदा दिसते ती १७२६ साली, केलेब थ्रेल्केल्ड या वैद्याच्या आयरिश वनस्पतींवरच्या पुस्तकात. लोक असं सांगतात म्हणून. मधे बाराशे वर्षांहून जास्त काळ गेला. मला विचाराल तर या पानाला वजन आलं ते राजकारणाने. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांविरुद्ध उठलेल्यांनी हिरवा रंग अंगावर मिरवला, तेव्हापासून हे पान छातीला लावणं ही नुसती भक्ती उरली नाही. पुढे १९०० साली, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात आयरिश पलटणी लढल्या म्हणून, व्हिक्टोरिया राणीने १७ मार्चला, म्हणजे संत पॅट्रिकच्या दिवशी, त्यांना ते टोपीला लावायची परवानगी दिली. परवानगी! यावरूनच समजा.

१९५२ साली अमेरिकेतल्या आयरिश राजदूताने राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांना शॅमरॉकची एक लहानशी पेटी पाठवली, त्यातून दर मार्चमध्ये व्हाइट हाउसला शॅमरॉकने भरलेलं काचेचं भांडं देण्याची प्रथा पडली. ज्यांच्या वडिलांचं गाव आपल्या मालवण तालुक्यातलं वराड, ते लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान असताना हे भांडं त्यांनीही दिलं आहे, ट्रम्पना आणि बायडन यांनाही. वराडात केवढी छाती फुगली असेल!

चार पानांचं शॅमरॉक नसतं. क्लोव्हरला क्वचित चौथं पान फुटतं, त्याला युरोपभर शुभ मानतात, तो वेगळा समज. पॅट्रिकच्या गोष्टीत ते आणलंत तर पंचाईत व्हायची.

प्रश्न : ऑफिसातल्या आयरिश सहकाऱ्याच्या पासपोर्टवर जे तंतुवाद्य आहे तेच गिनेस बिअरच्या कॅनवर. सरकारने कंपनीचं चिन्ह घेतलं की कंपनीने सरकारचं? (एक आयटीवाला, ऐरोली)

दोघांनी एकाच वाद्यावरून घेतलं, आणि कंपनी पहिली आली. ते वाद्य म्हणजे हार्प, ट्रिनिटी कॉलेजातच ठेवलेलं. विलोच्या लाकडाचं, एकोणतीस तारांचं. त्याला राजा ब्रायन बोरूचं हार्प म्हणतात. ब्रायन १०१४ साली क्लोन्टार्फच्या लढाईत मेला आणि हार्प आहे चौदाव्या-पंधराव्या शतकातलं, तेव्हा बोटं त्याची नक्कीच नव्हेत. गिनेसने ते १८६२ मध्ये बाटलीवर लावलं, १८७६ मध्ये ट्रेडमार्क नोंदवला. १९२२ साली स्वतंत्र आयरिश राज्य झालं आणि त्याला मुद्रा हवी झाली, तेव्हा हार्पचं तोंड फिरवून घ्यावं लागलं. सहकाऱ्याला म्हणा, पासपोर्ट आणि कॅन शेजारी धर. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप दिसेल.

तसं हार्प आयर्लंडच्या नाण्यांवर इंग्रज राजा आठव्या हेन्रीनेच १५३४ च्या सुमारास आणलं, डोक्यावर मुकुट ठेवून. पुढे क्रांतिकारकांनी मुकुट काढला आणि तेच वाद्य हाती घेतलं. १९२८ मध्ये स्वतंत्र आयर्लंडची पहिली नाणी निघाली. समितीचे अध्यक्ष कवी येट्स. एका बाजूला हार्प, दुसऱ्या बाजूला जनावरं : घोडा, सामन मासा, बैल, शिकारी कुत्रा, ससा, कोंबडी, पिल्लांसकट डुकरीण. राजाचा मुखवटा नाही, संत नाही, नेता नाही. कोंबडीचं नाणं माझ्याकडे आहे, पायाशी तिची पिल्लं टिपतायत. इतकं देखणं चलन मी दुसरं पाहिलेलं नाही.

प्रश्न : जावयाने क्रीम रंगाचा जाडजूड आयरिश स्वेटर आणला. सोबतच्या चिठ्ठीवर एका आयरिश घराण्याचं नाव आणि 'या कुळाची पारंपरिक वीण' असं लिहिलंय. बुडालेला कोळी विणीवरून ओळखत म्हणे. दुसऱ्याच्या कुळाची वीण आम्ही घालावी का? (एक सासरे, कळवा)

बिनधास्त घाला. कुळाची वीण हा बाजाराचा शोध आहे. गॉलवेच्या समोरच्या अरन बेटांवर हे स्वेटर विणायला लागले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बुडालेल्या कोळ्याची गोष्ट येते ती जॉन मिलिंग्टन सिंज यांच्या १९०४ च्या एका नाटकातून, आणि तिथे स्वेटर नव्हे, पायमोजा आहे. बहीण तो स्वतःच विणलेला, त्यात टाके सुटले होते म्हणून ओळखते. प्रत्येक घराण्याची वीण अशी कुठे बात नाही. पुढे १९३६ मध्ये हाइन्झ कीव्ह या लोकरीच्या व्यापाऱ्याने डब्लिनमध्ये असा एक स्वेटर घेतला आणि ही वीण थेट बुक ऑफ केल्सइतकी जुनी असल्याचं सांगत सुटला. व्यापारी तो, सांगणारच. पण विणणाऱ्या बायांचा हात त्यामुळे खोटा ठरत नाही. दोरखंडासारखा पीळ घालताना टाके मागे-पुढे किती फिरवावे लागतात ते घरातल्या विणणारीला विचारा. ठाण्यात तो घालायचा मुहूर्त जानेवारीच्या पहाटे तलावपाळीवर. एरवी कडुनिंबाची वाळली पानं घालून ठेवा, कसर लागते.

प्रश्न : आजोबांच्या कबरीवर गोल कडं असलेला क्रॉस लावायचा विचार आहे. ते कडं म्हणजे सूर्य का? (एक वाचक, कोलशेत)

पॅट्रिकने सूर्यपूजकांसाठी क्रॉसला सूर्य जोडला, ही सांगीव गोष्ट, आधार नाही. आयर्लंडातल्या मॉनास्टरबॉइस इथल्या जुन्या मठातला म्यूरेडाखचा क्रॉस बघा, साधारण ९०० सालचा, पाच मीटरहून उंच, वाळूच्या दगडाचा. एवढ्या दगडाचे आडवे हात तुटू नयेत म्हणून कड्याचा आधार, हे मला गवंड्याच्या नजरेने पटतं. कबरीसाठी घेणार असाल तर कड्यातली चारही भोकं आरपार कोरून घ्या. नुसत्या खोलगट केलेल्या भोकांत पावसाळ्यात शेवाळ धरतं.

प्रश्न : सोसायटीच्या फॅन्सी ड्रेसमध्ये नातवाला आयरिश बुटका, लेप्रेकॉन करायचंय. हिरवा कोटच हवा का? (एक आजी, खारघर)

एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत त्याचा कोट लाल आहे. हिरवा मागाहून चढला. घरात लाल असेल तर लाल घाला. हातात हातोडी आणि एकच बूट द्या, कारण तो मूळचा चांभार. सोन्याचा हंडा नसला तरी चालेल.

प्रश्न : शाळेत हस्तकलेच्या तासाला आयर्लंडचा 'ब्रिजिड क्रॉस' करून घ्यायचा आहे. एका पालकाने चित्र पाहून विचारलं, हा तर आपला स्वस्तिक, तिकडे कसा गेला? काय सांगू? आणि सामान काय लागेल? (एक कलाशिक्षक, नेरुळ)

सर, पालकांना सांगा की मधला चौकोन आणि त्यातून वळून निघालेले चार हात यामुळे तो तसा भासतो, पण तो गवताच्या दुमडीतून आपसूक येणारा आकार आहे. तीन हातांचाही करत, तो गोठ्यात लावायला. ब्रिजिड ही किल्डेअरची संत. १ फेब्रुवारी तिचा दिवस आणि जुन्या आयरिश पंचांगात वसंताचा पहिला. आदल्या संध्याकाळी लव्हाळं उपटून आणायचं, कापायचं नाही, क्रॉस विणून दारावर किंवा आढ्याला लावायचा, आगीपासून घर राखतो म्हणून. गवताच्या छपराला आगीची भीती केवढी! कथा अशी की मरणाला टेकलेल्या एका सरदाराच्या उशाशी बसून तिने जमिनीवर पसरलेलं लव्हाळं विणता विणता त्याला क्रॉस समजावला. १९६१ पासून १९९५ पर्यंत हा आकार आयरिश दूरदर्शनचं बोधचिन्ह होता, आणि २०२३ पासून ब्रिजिडच्या नावाने सार्वजनिक सुट्टी आहे.

तुमच्या वर्गाला आणखी एक सांगा. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या पाचेक हजार शाळांतल्या सुमारे पन्नास हजार मुलांनी आपल्या आजी-आजोबांकडून अशा रीती, गोष्टी, तोडगे ऐकून वहीत उतरवले. अशा क्रॉसबद्दल आज जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं या मुलांच्या हस्ताक्षरात आहे. कोण म्हणालं आणि कधी, हे त्यांनी लिहून ठेवलं. मला याहून लाडकं काही नाही.

खराखुरा स्वस्तिकही डब्लिनमध्ये होता बरं का, पण धोब्याकडे. बॉल्सब्रिज भागात १९१२ साली स्वस्तिक लॉन्ड्री निघाली, शुभचिन्ह म्हणून नाव घेतलं. तिच्या लाल गाड्या स्वस्तिक मिरवत गावभर फिरत. हिटलरचा बोलबाला झाल्यावर १९३९ मध्ये मालकांनी नावापुढे '१९१२' जोडलं, की बाबांनो आम्ही आधीचे! पन्नाशीच्या दशकात जर्मन लेखक हाइनरिख ब्योल डब्लिनला आले आणि अशाच एका गाडीखाली येता येता वाचले. त्यांना काय वाटलं असेल, कल्पना करा.

सामान : लव्हाळं मिळालं तर उत्तम. खाडीकाठी मुलांना पाठवू नका, फुलबाजारात नारळाच्या झावळीच्या कोवळ्या पात्या मिळतात, किंवा गव्हाचं काड रात्रभर भिजवून घ्या. प्रत्येकी सोळा ते वीस काड्या, हातभर लांब. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून त्या उभीभोवती अडकवायची, तिची दोन्ही टोकं उजवीकडे. अंगठ्याने मध्य दाबून सगळं डावीकडे पाव वळसा फिरवायचं, म्हणजे उजवीकडची टोकं वर जातात. तिसरी काडी दुमडून या वर गेलेल्यांभोवती अडकवायची, टोकं पुन्हा उजवीकडे. पुन्हा पाव वळसा. मुलं इथेच घोटाळा करतात, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे फिरवतात, मग मधला चौकोन सैल पडतो. फळ्यावर बाण काढून ठेवा. चौकोन बोटाच्या दोन पेरांएवढा झाला की थांबायचं, चारही हातांची टोकं सुती दोऱ्याने घट्ट बांधायची आणि कात्रीने सारखी करायची. रबरबँड नको. काड्या वाळल्या की आक्रसतात, म्हणून आठवड्याने वर्गात परत बसवून सगळ्यांचे दोरे पुन्हा आवळून घ्या.